चाचणीचे पंधरा दिवस

नव्या फोनच्या चाचणीचा तो नववा दिवस. सकाळी आल्या आल्या त्याने संगणक उघडला, आधीच्या दिवशीच्या फोनांची यादी काढली आणि रोजच्यासारखं वरून खाली बोट फिरवत असताना ते एका आकड्यावर थबकलं. आकडा ओळखीचा होता, पण कुठला ते चटकन ध्यानात येईना. शेजारचा माणूस परगावी अचानक समोर यावा आणि ओळख पटू नये, तसं झालं. मग लख्ख उजेड पडला. अरेच्चा, हा तर आपल्या घरचा नंबर! दुपारी बारा चाळीस, बोलणं अडतीस मिनिटं. त्याला वाटलं, बायकोने आपल्याला फोन केला असेल आणि कुणी जोडून दिला नसेल. पण अडतीस मिनिटं? त्याने त्याच्या आदल्या दिवसाची यादी काढली. बारा पस्तीस, चव्वेचाळीस मिनिटं. त्याच्या आदल्या दिवशीची काढली. बारा बेचाळीस, एकतीस मिनिटं. झालेल्या आठ दिवसांत आठ फोन, सगळे घरून आलेले, सगळे ऑफिसचे फोन जोडून देणाऱ्या ताईंनी त्यांच्या बोर्डावर घेतलेले आणि बोर्डावरच संपलेले. बोर्डापासून त्याचं टेबल पंधरा पावलांवर होतं, मधे फक्त एक काच. त्या पंधरा पावलांत एकही फोन त्याच्यापर्यंत आला नव्हता. त्याने चहाचा कप उचलला, तो रिकामाच होता, आणि तरी त्याने तो तोंडाला लावला.

कंपनी लिफ्टची. नव्या बसवायच्या, जुन्या दुरुस्त करायच्या, आणि कुणी दोन मजल्यांच्या मधे अडकला की माणूस धाडून त्याला सोडवायचा. चोवीस वर्षं तो इथे होता, त्यातली चौदा व्यवस्थापक म्हणून. समोरचा काहीही बोलला तरी त्याच्या तोंडून पहिल्यांदा “हो का?” निघायचं, म्हणून मेकॅनिक लोक त्याला पाठीमागे होकायंत्र म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि वाईटही वाटत नसे. थोरल्या मालकांनी कंपनीला एक नियम घालून दिला होता. अडकलेल्या माणसाचा फोन आला की मेकॅनिकचा हात बाहेरून दाराला लागेपर्यंत आपण फोन खाली ठेवायचा नाही. काय वाट्टेल ते बोला, पण बोलत राहा. हे काम बोर्डावरच्या ताईंचं. ताई त्या माणसाला सकाळी काय खाल्लंत इथपासून सुरुवात करायच्या, मुलांच्या शाळेवर यायच्या, त्याच्या सासूची चौकशी करायच्या, आणि दार उघडेपर्यंत तो माणूस घाम पुसत पुसत हसत असायचा. थोरले मालक गेले. धाकट्या मालकांना जुना बोर्ड, त्याच्या वायरींचं भेंडोळं आणि सकाळभर चालणारी ती सासूची चौकशी यांतलं काहीच आवडत नव्हतं. ते म्हणाले, “काका, इंटरनेटवरचे फोन सगळीकडे आलेत. पंधरा दिवस वापरून बघा आणि मला एका कागदावर लिहून द्या. आपल्या धंद्याला ते जमतात की नाही. लांबण नको.” तो म्हणाला, “हो का? बरं.”

खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस त्याला मजा आली होती. कित्येक वर्षांत कुणी त्याला एखाद्या गोष्टीवर मत विचारलं नव्हतं. नवे फोन बसवायला आलेला माणूस पन्नाशीचा होता, पूर्वी खांबांवर चढून तारा जोडायचा, त्याच्या तळहातांना अजून घट्टे होते. तो विकायला आला होता, पण थापा मारत नव्हता. त्याने वही काढून समजावलं. प्रत्येक टेबलाला स्वतःचा नंबर. बाहेरचा माणूस थेट ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलणार, मधे कुणी नाही. मेकॅनिक कुठेही असला तरी ऑफिसचा फोन त्याच्या खिशात वाजणार. किती फोन आले, कुणी घेतले, किती बुडाले, सगळं यादीत दिसणार, आणि चाचणीपुरतं जुन्या बोर्डावरचंही प्रत्येक बोलणं टिपून ठेवलं जाणार, म्हणजे आवाज कसा येतो ते तपासता येईल. “आणि लाईट गेली तर?” त्याने विचारलं. कारण लाईट गेली की लिफ्ट अडकतात, आणि अडकल्या की फोन येतात, हे तर इथल्या पोराटोरांना ठाऊक. त्या माणसाने वही मिटली. “लाईट गेली की हे बंद,” तो म्हणाला. “बॅटरीवर तासभर ओढेल. तुमची जुनी तार मात्र स्वतःची वीज घेऊन येते. मी तुमच्या जागी असतो, तर एक जुनी लाईन आणि त्या बाई तशाच ठेवल्या असत्या, बाकी सगळं बदललं असतं.” हे त्याने वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून. उत्तर जवळजवळ तयार होतं. नीट, स्वच्छ, कुणाचं वाईट न करणारं उत्तर. आणि नवव्या दिवशी सकाळी हा नंबर.

ऐकावं की नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, हेही थोडंफार खोटंच. हात केव्हाच कानाच्या फोनकडे गेला होता. स्वतःच्याच घरात चोरपावलांनी शिरल्यासारखं त्याला वाटलं, आणि आधी खरखर नाही, काही नाही, एकदम कानात, अगदी कानाच्या आत, बायकोचा आवाज आला. “ताई, मी. वेळ आहे का?” तो दचकला. हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. म्हणजे होता, पण पंचवीस वर्षांपूर्वीचा. लग्न ठरल्यावर ती त्याच्याशी असं बोलायची, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारं. “वेळच वेळ,” ताई म्हणाल्या. “गुडघा काय म्हणतोय?” मग गुडघा. मग जिन्यातला दिवा गेलाय तो. मग वरच्या मजल्यावरची बाई कशी रोज नव्या साडीत कचरा टाकायला जाते, यावर दोघींचं पोट धरून हसणं. बायको हसत होती! इतकी, की तिला ठसका लागला. घरात ती हसत नसे असं नाही, पण ते असं नव्हतं, टीव्हीवर काही आलं की नाकातून एक हुंकार निघायचा तेवढाच. अडतीस मिनिटं तो खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत राहिला. शेवटी ताईंनी विचारलं, “भाऊ समोरच दिसतायत, काचेतून. जोडून देऊ का?” आणि बायको म्हणाली, “नको.” ती रागाने नाही म्हणाली. आणखी पोळी वाढू का म्हटल्यावर पोट भरलेला माणूस म्हणतो तसं, साधं, नको.

त्या ‘नको’चं काय करायचं ते त्याला कळेना. दिवसभर ते त्याच्या कपड्यांत शिरलेल्या कुसळासारखं टोचत राहिलं. बारा चाळीसला काचेपलीकडे ताईंच्या बोर्डावरचा दिवा लागला. ताईंनी फोन घेतला, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि पाय सैल सोडले. आपली बायको आत्ता तिथे आहे, त्या काचेपलीकडे, आणि आपण इथे वंगणाच्या डब्यांची मागणी तपासतोय. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने चपला काढता काढता विचारलं, “आज काय केलंस?” ती म्हणाली, “काही नाही. नेहमीचंच.” तो म्हणाला, “हो का?” आणि दोघं जेवायला बसले. जेवताना त्याने तिच्या गुडघ्याकडे चोरून बघितलं. तिला गुडघ्याचा त्रास आहे हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि आपण हो का म्हणून मोकळे झालो होतो? त्याने डोक्याला ताण दिला, पण एक शब्द आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसात तासभर आधी यायला लागला. धाकट्या मालकांना वाटलं, काका काम मनावर घेतायत. आधीचे सगळे फोन त्याने एकेक करून ऐकले, मग रोज आदल्या दिवशीचा. माणूस लाज किती लवकर सोडतो, बघा. तिसऱ्या दिवशी तर तो वाटच बघत होता. बायकोला गाडी चालवायला शिकायचं होतं, हे त्याला तिथे कळलं. तिला दुपारी तीन ते पाच फार जड जातात, हे कळलं. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला गेल्यापासून ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मुद्दाम दार लोटून घेते, कारण दार वाजलं की घरात कुणीतरी आहे असं वाटतं, हेही कळलं. हे ऐकताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याचा त्याला स्वतःचाच राग आला. त्याला ती हवी होती. या वयात, स्वतःच्याच बायकोचा आवाज कानाशी धरून, हा माणूस अगदी कासावीस व्हायला लागला होता. घरी तीच बाई समोर बसलेली असायची, भाताचं भांडं पुढे सरकवायची, आणि त्याच्या तोंडातून मीठ कमी आहे याशिवाय शब्द फुटत नसे.

बाराव्या दिवशी त्याने जे ऐकलं ते त्याआधीच्या दिवशी बोललेलं होतं. बायको म्हणाली, “ताई, आज आईला जाऊन सतरा वर्षं झाली.” ताई म्हणाल्या, “हो गं. मला दुपार आठवते.” आणि त्यालाही ती दुपार आठवली, पण वेगळीच. त्या दुपारी ताई डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि बोर्डावर तो बसला होता. एक म्हातारा सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे अडकला, एकटा, अंधारात, दम्याचा. मेकॅनिक दुसऱ्या टोकाला. दोन तास त्याने त्या म्हाताऱ्याला बोलता ठेवलं होतं. कुठली शाळा, पहिल्या पगाराचं काय केलं, बायको पहिल्यांदा कुठे बघितली. दार उघडलं तेव्हा तिकडे फोनवर म्हातारा रडत होता आणि इकडे थोरले मालक याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. आयुष्यात त्याने काही केलं असेल तर ते एवढंच, आणि ते त्याने लग्नांत, मुंजींत, व्याह्यांसमोर शंभरदा सांगितलं होतं. आता कानात बायको सांगत होती, “मी ह्यांना फोन केला. आई गेली असं तोंडातून निघायच्या आधीच म्हणाले, ठेव, ठेव, लाईन अडवू नकोस, इथे माणूस अडकलाय. मी ठेवला. मग घरातल्या घरात फिरत राहिले. पाच वाजता पुन्हा केला तेव्हा तुम्ही आला होतात.” “मग तू तास दीड तास बोललीस,” ताई म्हणाल्या. “रडलीस थोडीच, बोललीस जास्त.” “संध्याकाळी हे घरी आले,” बायको म्हणाली, “आणि दारातूनच सांगायला लागले, आज मी एका माणसाचा जीव वाचवला. मी ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हटलं, आई गेली.” मग म्हणाली, “मला राग नाही ताई. पण त्यानंतर ह्यांना काही सांगायचं म्हटलं की वाटतं, लाईन मोकळी नसेल.”

त्याने कानावरचा फोन काढून ठेवला. समोरच्या भिंतीवर लिफ्टच्या दोरांचा तक्ता होता, कुठला दोर किती भार घेतो त्याचा, आणि तो बराच वेळ तो तक्ता वाचत बसला. हा फोन आला होता हे त्याला आठवतच नव्हतं, यातलं सगळ्यात भयानक काय असेल तर ते. विसरला असता तर पुन्हा आठवलं असतं. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. म्हाताऱ्याच्या मास्तरांचं नाव त्याला आजही पाठ होतं.

पंधरावा दिवस उजाडला आणि तो कागद घेऊन बसला. आवाज स्वच्छ, फोन बुडत नाहीत, मेकॅनिक लवकर सापडतो, हे लिहिलं. विजेचं लिहिलं. एक जुनी लाईन ठेवावी, तेही लिहिलं. मग पुढची ओळ लिहिली, ‘आणि अडकलेल्या माणसाशी बोलण्यासाठी ताईंना त्या लाईनवर ठेवणं गरजेचं आहे.’ ही ओळ खरी होती. चोवीस वर्षांच्या अनुभवाने खरी होती. तो त्या ओळीकडे बघत राहिला. ताई राहिल्या की बारा चाळीसचा फोन राहणार, ती काच राहणार, ते ‘नको’ राहणार. ताई नसतील तर? प्रत्येक टेबलाला स्वतःचा नंबर. मधे कुणी नाही. मग तिला बोलायचं असेल तर ती कुणाशी बोलेल? त्याच्या मनात हे आलं, आणि आलं तेव्हा ते प्रेमासारखं वाटलं. त्यात सूड किती होता, आपलं चोरून ऐकणं उघडं पडायची भीती किती होती, हे त्याला वेगळं काढता येईना. सगळं एकजीव झालेलं, गाळायचं तरी कशातून? काचेवर टकटक झाली. ताई दारात होत्या. “भाऊ, काय लिहिताय आमचं?” त्या हसून म्हणाल्या, पण हात पदराशी चाळा करत होता. “मला सुट्या भागांच्या खोलीत बसवणार म्हणे. मला बोल्टातलं काय कळतं? बोलण्यातलं कळतं थोडंफार.” तो म्हणाला, “हो का? बघू, ताई. अजून काही ठरलं नाही.” त्या गेल्यावर त्याने ती ओळ खोडली, आणि खोडलेली दिसू नये म्हणून कागद नव्याने उतरवला. शेवटी लिहिलं, आपल्या व्यवसायास ही पद्धत योग्य आहे. सही केली आणि कागद लगेच धाकट्या मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

महिनाभरात सगळं झालं. बोर्ड निघाला, भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला. जुनी लाईन मेकॅनिकांच्या खोलीत गेली, तिथे जो रिकामा असेल तो ती घ्यायचा आणि म्हणायचा, “थांबा, माणूस निघालाय.” चाचणीत टिपलेलं सगळं ठरल्याप्रमाणे पुसून टाकलं गेलं. ताई सुट्या भागांच्या खोलीत चार दिवस बसल्या आणि पाचव्या दिवशी बहिणीकडे राहायला निघून गेल्या. जाताना त्याला म्हणाल्या, “सांभाळा, भाऊ.” काय सांभाळायचं ते बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरांत आपला नवा नंबर लिहून बायकोसमोर ठेवला. “हा थेट माझ्या टेबलावर वाजतो,” तो म्हणाला. “कधीही कर. मधे कुणी नाही.” तिने कागद बघितला, घडी घातली, म्हणाली, “बरं.” दुसऱ्या दिवशी बारा वाजल्यापासून त्याने कुठलंच काम हातात घेतलं नाही. बारा चाळीस झाले. एक वाजला. असे अकरा दिवस गेले. रोज सकाळी तो यादी काढून बघायचा, न जाणो आपण जागेवर नसताना येऊन गेला असेल. घरचा नंबर यादीत कुठेच नव्हता. घरी ती तशीच होती, भांडं पुढे सरकवत होती, फक्त आता बोलायची ती आणखी कमी, आणि दुपारचा भात पातेल्यात तसाच राहिलेला असायचा. त्याला विचारायचं होतं, जेवली नाहीस का? जिभेवर यायचं आणि तिथेच विरायचं.

बाराव्या दिवशी तीन वाजता फोन वाजला. छोट्या पडद्यावर घरचा नंबर होता. त्याने उचलताना पेन, फाईल, चष्म्याचं घर, सगळं खाली पाडलं.

“मी बोलतेय,” ती म्हणाली.

“हो, हो, दिसलं. म्हणजे इथे नंबर दिसतो. बोल ना. अगदी निवांत बोल.”

“एक विचारायचं होतं. घरी समोरासमोर विचारवत नाही. म्हणून फोन केला.”

“विचार की.”

“ती चाचणी चालली होती तेव्हा सगळं टिपलं जात होतं ना? ताईंनी मला ती सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणाल्या, भाऊ ऐकतील हं, बोलायचं तर विचार करून बोल. मी पुष्कळ विचार केला, आणि मग बोलले. गुडघ्याचं, आईचं, सगळं.” तिचा आवाज वाक्याच्या शेवटी किंचित वर गेला. “तुम्ही ऐकलंत ना?”

रोज तासभर आधी यायचो, तुझ्या हसण्यासाठी यायचो, दार लोटून घेतेस तेही ठाऊक आहे मला, हे सगळं घशाशी आलं. आणि त्याच्याबरोबर दुसरंही आलं. ऐकलं म्हटलं की ती म्हणणार, मग इतके दिवस गप्प का बसलात? आईचं ऐकून गप्प? आणि ऐकूनही ताईंना घालवलंत? चोर पकडला जातो तेव्हा आधी हात झटकतो, तसा त्याने हात झटकला.

“छे गं,” तो म्हणाला. “मला कुठला एवढा वेळ? मी फक्त आकडे बघायचो.”

पलीकडे काहीच नव्हतं. जुन्या फोनवर निदान गुणगुण तरी असायची, माणूस आहे असं कळायचं. इथे विहिरीच्या तळाशी असते तशी शांतता. “आहेस ना?” त्याने विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता, घरातला झाला होता. “मला वाटलं होतं, ऐकलं असेल. ठीक आहे. मी तुमच्यासाठीच बोलत होते.”

तिने फोन ठेवला. परत फोन लावायला एक बटण पुरे होतं, त्या तारा जोडणाऱ्या माणसानेच ते दाखवून ठेवलं होतं. त्याचं बोट त्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. धाकटे मालक जाता जाता काचेशी थांबले आणि आत डोकावले.

“काय काका, कसा काय नवा फोन?”

“उत्तम,” तो म्हणाला. “शब्द न् शब्द ऐकू येतो.”